आधी आपलं रक्त

डॉ. इंदुमती गर्गे यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझं नावसुद्धा विचारलं नाही. "बाही वर करा," एवढंच म्हणाल्या. मी रोहण्याहून सकाळच्या एसटीने आलेलो, नवा शर्ट घातलेला, नेमणुकीचा कागद घामाने भिजू नये म्हणून हातातच धरलेला, आणि समोर ही बाई सुई घेऊन उभी. मी म्हटलं, मी पेशंट नाही, तुमच्या विभागात तंत्रज्ञ म्हणून रुजू व्हायला आलो आहे. म्हणूनच, असं म्हणून त्यांनी माझं रक्त काढलं, मग शेजारच्या स्टुलावर बसून स्वतःचा दंड माझ्यापुढे धरला आणि आता माझं काढा म्हणाल्या. मला शीर तिसऱ्या खेपेला सापडली. तोवर बाईंनी दंड मागे घेतला नाही.

त्या बाईंना आता साठ वर्षं पूर्ण होत आहेत. गौरवग्रंथाच्या संपादक मंडळाने माझ्याकडे लेख मागितला आणि वर बजावलं, ढोक, जरा शांतपणे लिहा. मंडळातली माणसं मला ओळखतात. मी मूळचाच तापट, वऱ्हाडातल्या उन्हासारखा, सकाळी आठलाच चढणारा. पण शांतपणे लिहायचं तर विषय तरी दुसरा द्यायचा. बाईंच्या सहवासात शांत बसलेला माणूस मी पाहिलेला नाही. त्या स्वतः बसत नाहीत. चहाचा कप एका टेबलावर, चष्मा दुसऱ्यावर, आणि बाई व्हरांड्यात येरझारा घालत आहेत, हेच आमच्या जीवरसायनशास्त्र विभागाचं कायमचं चित्र आहे. गार झालेला चहा इतकी वर्षं घोटाघोटाने पिणारी दुसरी व्यक्ती जिल्ह्यात सापडणार नाही.

रक्ताची ती विभागाची रीतच होती. सोमवारी रुग्णांचे नमुने लावण्याआधी आमचे सगळ्यांचे लावायचे. निरोगी माणसाचं रक्त कसं दिसतं ते आधी पाहायचं, मग आजाऱ्याकडे वळायचं. मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळा यासाठी बाहेरून आणलेली तयार द्रव्यं वापरत. आमच्या आडवळणाच्या वैद्यकीय महाविद्यालयाला ती परवडत नव्हती, आणि परवडली असती तरी बाईंनी रीत सोडली नसती. दुसऱ्याला सुई टोचायची तर आधी आपण टोचून घ्यावी, असं त्यांचं म्हणणं होतं. सेलूचे नामदेवराव आमच्याकडे परिचर होते. ते दर सोमवारी दंड पुढे करताना कुरकुरायचे, की बाई आम्हाले पगार देते का आमचं रक्त पेते. बाई हसायच्या आणि सुई टोचायच्या.

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप चाले त्याविषयी थोडं सांगायला हवं. आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. आमच्याकडे पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणीची कडक औषधं नव्याने भरपूर येऊ लागली होती आणि पावसाळा उलटला की फवारणीतून विषबाधा झालेली माणसं वॉर्डात येत. तोंडाला फेस, अंगाला पाझर फुटल्यासारखा घाम, छाती घरघरतेय. ही औषधं शरीरातलं एक एन्झाइम बंद पाडतात. नाव ॲसिटिलकोलिनेस्टरेज. मला पहिला महिनाभर ते नाव नीट उच्चारता आलं नव्हतं. बाईंनी मला ते पाटीवर शिकवलं. मज्जातंतूला निरोप द्यायचा असला की तो ॲसिटिलकोलिन नावाच्या खडूने पाटीवर लिहितो. निरोप वाचून झाला की हे एन्झाइम पाटी पुसतं, म्हणजे पुढचा निरोप लिहिता येतो. फवारणीचं विष त्या पुसणाऱ्याचे हात बांधून टाकतं. मग निरोपावर निरोप चढतात, सगळा गिचमिड काला होतो आणि माणूस गुदमरतो.

हे एन्झाइम मेंदूत असतं आणि रक्ताच्या तांबड्या पेशींतही असतं, म्हणून मेंदूला हात न लावता रक्तावरून अंदाज घेता येतो. आम्ही नळीत रसायन घालून पिवळा रंग किती झपाट्याने चढतो ते पाहायचो. रंग भराभर चढला तर एन्झाइम ठणठणीत, रेंगाळला तर विष भिनलेलं. एकदा गिरडकडचा एक तरुण गडी बेशुद्ध अवस्थेत आणला. वॉर्डातून कोणी मिरगी म्हणत होतं, कोणी दारू. बाईंनी नळी पाहिली आणि कागद लिहीत न बसता पातळाचा काचा मारल्यासारखा पदर खोचून वॉर्डाकडे धावल्या. उतारा चालू झाला, गडी वाचला. दुसऱ्या दिवशी त्याच्या बापाला त्यांनी वॉर्डाच्या पायरीवर बसून तीच पाटी, तोच खडू समजावून सांगितला. त्याला काय कळलं असेल कोण जाणे, पण तो पुढे दर वर्षी विभागात हरभऱ्याची गाठोडी घेऊन यायचा.

याच सुमारास माझ्या घरी दुसरंच सुरू झालं होतं. माझे बाबा, साठीही उलटली नव्हती, विसरू लागले. आधी बैलांची नावं, मग वावराची वाट. गावात म्हणत, चळला म्हातारा. मला त्या शब्दाची चीड येई आणि दोनदा मी त्यावरून पारावर भांडलोही. पण खरा घाव मायला होता. आमच्याकडे नवरा बायकोला नावाने हाक मारत नाही. पोरगं झालं की ती पोराची माय. तीस वर्षं बाबा तिला 'वासूची माय' म्हणत आले होते. आता ते तिला बाई म्हणू लागले, तुम्ही म्हणू लागले. ती पाण्याचा गडवा घेऊन गेली की मोठ्या अदबीने विचारायचे, "तुमी कोनाच्या घरच्या, बाई? उन्हाच्या चालत आल्या का?" शिवी दिली असती तर माय पचवून गेली असती. हा परक्या बाईला द्यावा तसला मान तिला सोसवेना. एकदा चुलीपुढे बसून ती मला म्हणाली, "त्यायनं एकडाव मले वासूची माय म्हनलं पाह्यजे. मंग मी काईच मांगत नाई."

मी हे बाईंना सांगितलं. त्या उठून खिडकीपाशी गेल्या, परत आल्या, आणि कपाटातून बोटीने महिनोन्महिने उशिरा येणाऱ्या परदेशी नियतकालिकांचा गठ्ठा काढून माझ्यापुढे टाकला. अल्झायमरच्या विकारात मेंदूमधला खडूच संपत येतो, असं तिकडचे लोक म्हणू लागले होते. खडू बनवणारं एन्झाइम फार कमी पडतं. नवा खडू देता येत नाही, पण पुसणाऱ्याला जरा हळू पूस म्हणता येईल का, म्हणून काही ठिकाणी प्रयत्न चालू होते. एका आफ्रिकी शेंगेच्या बीपासून काढलेलं औषध होतं, आपल्याकडे काचबिंदूला डोळ्यांत घालत तेच. फवारणीचं विष जे काम दांडगाईने करतं, तेच ते औषध थोडं आणि थोड्या वेळापुरतं करतं. बस, मला दुसरं काही ऐकू येईना. मी बाईंच्या मागे लागलो. मेडिसिनचे डॉ. कस्तुरे यांच्या मागे लागलो. नागपूरहून इंजेक्शन मिळवलं, वरिष्ठांच्या परवानग्या मिळवल्या, बाबांना वॉर्डात आणून ठेवलं. बाईंची अट एकच होती. सुई देण्याआधी बाबांचं रक्त तपासायचं.

सोमवारी रांगेने नळ्या लावल्या. माझी, नामदेवरावांची, इतर दोघा सहकाऱ्यांची, बाईंची आणि बाबांची. बाबांच्या नळीतला रंग अगदी माझ्या नळीसारखाच चढला. म्हणजे नॉर्मल. मी लगेच कस्तुरे साहेबांना निरोप द्यायला निघालो. बाईंची नळी नेहमीप्रमाणे भराभर पिवळी झाली होती. तिच्याकडे आम्ही लक्ष देत नव्हतो. ही तपासणी सुरू केल्यापासून बाईंचा आकडा आमच्या सगळ्यांपेक्षा वरचा येई, आणि चौघांपेक्षा एक वेगळा तर त्या एकाचंच काही चुकतंय, असं म्हणून बाई स्वतःची नळी हिशेबातून काढून टाकत. उन्हाळ्यात विषबाधेचे रुग्ण नसत, म्हणून तेव्हा ही तपासणी कोणी लावत नसे. त्यामुळे उन्हाळ्यात आमचे आकडे किती येतात हे कोणी पाहिलं नव्हतं आणि कोडं कोणाला पडलंच नाही.

बाई माझ्या आधी वॉर्डात पोचल्या होत्या. बाबांच्या डोळ्यांत विजेरी टाकून त्या वाकून बघत होत्या. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ. पापणीखालचं मांस उडत होतं. आम्ही हे म्हातारपण म्हणून सोडून दिलं होतं. बाईंनी मायला विचारलं, हे दिवसभर काय करतात. माय म्हणाली, करतात काय, पंप पाठीला लावून फवारतात. फवारलं हे विसरतात आणि त्याच ओळी पुन्हा फवारतात. औषधाचा डबा शेजारच्या लेकरांच्या हाती लागू नये म्हणून खाटेखाली ठेवतात आणि हातानेच ढवळतात. बाई माझ्याकडे वळल्या. रविवारी तू कुठे असतोस? मी म्हटलं, वावरात, बाबांचं अर्धवट राहिलेलं फवारून टाकतो. नामदेवराव? तेही. बाकीचे दोघे? सगळेच. आमच्या विभागात शेत नसलेला माणूस होता कोण? एकट्या बाई.

त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. त्या तरातरा निघाल्या. ग्रंथपाल, हेडक्लार्क, वसतिगृहातल्या शहरी मुली, वाटेत जो भेटेल त्याला बाही वर करायला लावून रक्त घेतलं. दुपारपर्यंत सगळ्या नळ्या पिवळ्या झाल्या, बाईंच्या नळीसारख्या, भराभर. चुकत होतो ते आम्ही चौघं. फवारणीच्या दिवसांत आम्ही सगळे थोडेथोडे विषारलेलेच होतो आणि आमचं रक्त निरोगी माणसाचं म्हणून वापरलं जात होतं. बाबा माझ्याबरोबरीचे निघाले ते निरोगी म्हणून नव्हे. त्यांचा पुसणारा आधीच जायबंदी होता. त्यावर ती सुई पडली असती तर बाबा त्या खाटेवरून उठले नसते.

हे आज लिहिणं सोपं आहे. त्या दुपारी कस्तुरे साहेबांची सिरिंज तयार होती, आणि बाईंनी ट्रेवर हात ठेवून सांगितलं, आज नाही. माझं डोकं फिरलं. "बाई, नळ्या तुमच्या चुकल्या, आणि थांबायचं माझ्या बापानं?" मी भर वॉर्डात ओरडलो. आजही मला वाटतं, माझ्या जागी दुसरा कोणी असता तर त्यानेही हेच विचारलं असतं. बाई म्हणाल्या, "हो. चूक माझी आहे. म्हणूनच थांबायचं."

त्या चुकीचं बाईंनी पुढे काय केलं, ते या ग्रंथात आलंच पाहिजे. शनिवारच्या सभेत, सगळ्या महाविद्यालयासमोर उभं राहून त्यांनी सांगितलं की आपल्या विभागाचा नॉर्मल आकडा चुकीचा होता, आणि ज्यांना आपण बरे झालात म्हणून घरी पाठवलं त्यांतले काही पुरते बरे झालेले नसतील. एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी त्यांना बाहेर गाठून समजावलं, एवढं उघड बोलायची काय गरज होती, गुपचूप दुरुस्त करून टाकायचं. बाईंनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवसापासून नामदेवरावांना घेऊन गावोगाव जायला लागल्या. मिळेल ती एसटी, पुढे बैलगाडी, नाहीतर पायी. जुन्या रुग्णांना शोधून त्यांचं रक्त पुन्हा घेतलं. बहुतेक सारे सापडले. जे सापडले नाहीत त्यांची नावं बाईंना अजून पाठ आहेत, आणि व्हरांड्यातल्या येरझाऱ्या तेव्हापासून वाढल्या. मी त्यांना पुष्कळदा म्हटलं, बाई, सोडा आता. त्यांना ते सोडता आलेलं नाही.

बाबांना फवारणीपासून लांब ठेवणं भाग होतं आणि रोहण्यात ते कोणाला आवरत नव्हते. बाईंनी विचारलंसुद्धा नाही, आपल्या क्वार्टरमागची खोली झाडून घेतली आणि बाबांना नि मायला तिथे आणलं. दिवाळी गेली, संक्रांत आली, दोघं तिथेच. बाबांना काम लागे. पाठीवर पंप नाही म्हटल्यावर त्यांनी बाईंच्या अंगणातली पपई धरली. पाणी घालायचे, विसरायचे, पुन्हा घालायचे. बाईंची फळाला आलेली पपई त्यांनी पाणी घालून घालून कुजवून मारली. माय शरमेने अर्धी झाली. बाई म्हणाल्या, मला पपई मुळीच आवडत नाही. हे धादांत खोटं होतं. बाईंच्या तोंडून मी ऐकलेलं एवढं एकच खोटं.

हळूहळू बाबांची लाळ थांबली, घाम थांबला, पाय सरळ पडू लागले. नळीतला रंग बाईंच्या नळीला येऊन मिळाला. पण माय त्यांना परकीच राहिली. विष उतरलं, विसर तसाच. विषाखाली तो दुसरा आजार होताच, आणि तो उतरणारा नव्हता. मी पुन्हा सुईचं नाव काढायला धजत नव्हतो. बाईंनीच काढलं. आता रक्त ठीक आहे, प्रयत्न करता येईल, पण फार आशा ठेवू नकोस, औषधाचा अंमल तासभरही टिकत नाही, असं त्यांनी मला आणि मायला दोन-तीनदा बजावलं. बाबांनाही विचारलं. बाबा म्हणाले, पोरगं म्हनते तं टोचा. दुसऱ्या दिवशी त्यांना पुन्हा विचारलं, कारण कालचं त्यांना आठवत नव्हतं. पुन्हा तेच उत्तर आलं, तेव्हा बाईंनी होकार धरला.

वॉर्डात उतारा हाताशी ठेवून कस्तुरे साहेबांनी अगदी थोडं औषध हळूहळू दिलं. बाई खाटेपाशी बाबांची नाडी धरून बसल्या. बसल्या, हे मुद्दाम लिहितो. बाबांना मळमळलं, थोडा घाम आला. मग काहीच नाही. मी भिंतीला टेकून उभा, माय पायथ्याशी. बराच वेळ गेला. बाबांनी मान वळवली, मायकडे पाहिलं आणि कपाळाला आठ्या घालून, घरी घालत तशा, म्हणाले, "वासूची माय, इथं काऊन बसून राह्यली? जेवली नाई काय अजून?"

मायने पदर तोंडात कोंबला. मग तीच म्हणाली, जेवते, तुम्ही जेवा आधी. दोघं बोलले. कापूस किती वेचून झाला, पांढऱ्या बैलाचा खुर बरा आहे का, पोराचं लग्न यंदा करायचं. पोरगा म्हणजे मी, तिथेच उभा आणि डोळ्यांतून पाणी वाहतंय. मग त्यांचं बोलणं मंदावलं. डोळे मिटले, उघडले, आणि बाबा मायला अदबीने म्हणाले, "बाई, तुमी बसा. तुमच्या घरचे येतीन आता."

पुन्हा द्या, मी म्हटलं. आत्ताच्या आत्ता पुन्हा द्या. बाबांची नाडी मंद पडली होती, उतारा द्यावा लागला, आणि कस्तुरे साहेबांनी साफ नकार दिला. पुढे आणखी एकदा दिलं तेव्हा नुसत्या ओकाऱ्या झाल्या. तिसऱ्यांदा बाबांनीच हात आखडून घेतला आणि बाईंनी विषय बंद केला. त्यावरून मी त्यांच्याशी पुष्कळ भांडलो. मला त्यांच्याकडून एवढंच ऐकायचं होतं, की ती दुपार त्या सुईने आली. बाई म्हणत, असे रुग्ण कधीकधी सुईविनाही घटकाभर जागे होतात, एका माणसाची एक दुपार हा पुरावा नव्हे. मी म्हणायचो, तुम्ही समोर होतात, डोळ्यांनी पाहिलंत. होते, पाहिलं, म्हणायच्या आणि व्हरांड्यात निघून जायच्या.

गावी परत जाताना मायनेही त्यांना विचारलं होतं, "बाई, थे खरं होतं न?" मी मनात म्हटलं, आता तरी हो म्हणा, पपईच्या वेळी म्हणालात तसं. बाईंनी मायचे दोन्ही हात धरले. "त्यांनी तुम्हाला ओळखलं, हे खरं. कशाने ओळखलं, ते मला माहीत नाही." माय त्याच उत्तरावर आजवर जगते आहे. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली.

आता परदेशातून एका गोळीच्या बातम्या येत आहेत. त्याच एन्झाइमला हळू करणारी, पण जास्त वेळ टिकणारी. कोणी म्हणतं गुण येतो, कोणी म्हणतं यकृत बिघडतं. बातमी घेऊन मी बाईंकडे धावत गेलो. त्यांनी ती उभ्याउभ्याच वाचली, चहा गार झाला, आणि म्हणाल्या, थांबू या, अजून पुष्कळ रुग्णांवर पाहायला हवं. बाई, थांबणं मला जमत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हालाही जमत नाही, तरी तुम्ही थांबता. तुमच्याकडून शिकायचं म्हणून जे जे मी ठरवलं होतं, त्यातलं एवढं एक शिकायचं राहून गेलं.

या ग्रंथात सगळेजण तुम्हाला निरोगी दीर्घायुष्य चिंततील. मीही चिंततो, पण माझं मागणं स्वार्थाचं आहे. विभागात आजही दर सोमवारी पहिली नळी तुमच्या रक्ताची लागते, आणि तुमच्या निवृत्तीनंतरही मी सुई घेऊन तुमच्या दारात येणार आहे. आणि दुसरं. त्या दुपारी बाबा कशाने जागे झाले, याचं उत्तर कधी ना कधी कोणीतरी काढील. ते आलं, मग ते कसंही असो, की रोहण्याला येऊन मायला तुम्हीच सांगायचं आहे, कारण दुसऱ्या कोणाचं तिला खरं वाटणार नाही. ती आता थकली आहे, पण वाट पाहते आहे. तिला मी सांभाळतो. तुम्ही स्वतःला सांभाळा.